घड्याळ घेऊन फडात कोण उभे राहणार?

बीडहून सोलापूरकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. घाटमाथ्यावरून पुढे गेले की चौसाळा येते. धुळे–सोलापूर महामार्गावरचे हे मोठे गाव आसपासच्या वाड्या-वस्त्यांची बाजारपेठ आहे. २००९ पूर्वी विधानसभेचा एक मतदारसंघच या गावाच्या नावाने होता. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात खरीप हाती लागला तर लागला. म्हणून दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्याच्या गावागावांतून ऊसतोडणीसाठी ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. त्यांत भांडीकुंडी असते, धान्याची पोती असतात, शेळ्या असतात, लहान मुले असतात आणि कोयते असतात. कोणी कोल्हापूर-सांगलीची वाट धरतो, कोणी सोलापूर-पुण्याची, कोणी थेट बेळगाव-बागलकोटची. होळी-पाडव्यापर्यंत घराला कुलूप.

मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. माणसे दोन, हात चार, पण वहीत आकडा एक.

हा कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर आकडा उमटतो आणि त्यावर मजुरी ठरते. त्या दीड-दोन टनांच्या पोटात काय दडले आहे, ते मात्र काटा सांगत नाही. ऊस बुडापासून तोडायचा, पाचट काढायचे, शेंड्याचे वाढे छाटायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. यांतल्या कोणत्या कामाला किती वेळ लागला? ट्रकची वाट पाहण्यात किती तास गेले? एका मोळीसाठी किती वेळा वाकावे लागले? यांतले काय टाळता आले असते?

असे प्रश्न शिस्तीने विचारण्याचे एक शास्त्र आहे. त्याला कार्य-अभ्यास म्हणतात आणि त्यात तयार झालेल्या माणसाला उत्पादकता तज्ज्ञ. गेल्या पाऊणशे वर्षांत असे तज्ज्ञ घडवण्यासाठी देशांनी एकमेकांना हातचे न राखता मदत केली. त्या मदतीचा एक मोठा ओघ महाराष्ट्रात आला. मुंबईच्या गिरण्यांत तो पोहोचला, पवईच्या टेकडीवर स्थिरावला, नागपूरच्या ट्रॅक्टर कारखान्यात गेला, मराठवाड्यातल्या औद्योगिक वसाहतींपर्यंतही आला. उसाच्या फडात मात्र तो अजून नीट उतरलेला नाही.

अठरा हालचाली

अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा एक तरुण १८८५ मध्ये गवंड्याच्या हाताखाली काम शिकू लागला. त्याच्या लक्षात आले की प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या पद्धतीने बसवतो. इतकेच काय, एकच गवंडी स्वतः काम करताना एका पद्धतीने बसवतो आणि शिकवताना दुसरी पद्धत दाखवतो. गिलब्रेथने हालचाली मोजल्या. एक वीट बसवायला अठरा हालचाली होत होत्या. विटा जमिनीवर पडलेल्या असत आणि गवंडी प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकत असे. गिलब्रेथने भिंतीबरोबर वर सरकणारा पाड बनवला, विटा आणि चुना हाताच्या उंचीवर आणून ठेवले. अठरा हालचालींच्या जेमतेम पाच उरल्या. तासाला १२० विटा बसवणारा गवंडी ३५० विटा बसवू लागला, आणि संध्याकाळी त्याची कंबर पूर्वीइतकी दुखेना.

फ्रँक आणि त्याची मानसशास्त्रज्ञ पत्नी लिलियन यांनी या निरीक्षणाचे शास्त्र केले. त्यांच्याच काळात फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात उभा राहिला होता. या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. पहिला भाग पद्धतीचा अभ्यास: काम कसे होते आणि कसे होऊ शकेल. दुसरा भाग कामाचे मोजमाप: योग्य पद्धतीने, योग्य विश्रांती धरून, त्याला किती वेळ लागावा. क्रम महत्त्वाचा आहे. पद्धत न सुधारता घड्याळ लावले तर माणसाला फक्त पळवले जाते.

या विद्येची लिपी अगदी सोपी आहे. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी अक्षर म्हणजे खोळंबा, उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. एखाद्या कामाची प्रत्येक पायरी या पाच खुणांनी कागदावर उतरवायची. उसाच्या एका मोळीचा फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतचा प्रवास असा मांडला तर गोल थोडे निघतील आणि खोळंब्याच्या खुणा पानभर. ट्रक उशिरा आला, रात्री भरावा लागला, कारखान्याच्या आवारात रांगेत उभा राहिला. तोडलेला ऊस जितका थांबतो तितके त्याचे वजन घटते आणि साखर उतरते. म्हणजे खोळंब्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो, कारखान्याला पडतो, आणि मध्यरात्री मोळ्या चढवणाऱ्या जोडीला सर्वांत जास्त पडतो.

गिरणगावचा धसका

मुंबईच्या गिरणी कामगाराला हे घड्याळ आधी भेटले ते वेगळ्या रूपात. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंदीत सापडलेल्या गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या. ससून समूहाच्या गिरण्यांत दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराला तीन माग सांभाळायला सांगण्यात आले. मागांची अवस्था, सुताचा दर्जा, गिरणीतली हवा तीच राहिली. वाढले ते माणसावरचे ओझे, आणि त्याबरोबर किती जण घरी बसणार ही भीती. १९२८ मध्ये गिरणगाव सुमारे सहा महिने बंद राहिला. त्या ऐतिहासिक संपाच्या कारणांत या योजना ठळकपणे होत्या.

उत्पादकता म्हटले की कामगाराच्या मनात धसका बसतो तो इथून. हा धसका अनाठायी नव्हता. पुढे ज्यांना ही विद्या भारतात रुजवायची होती, त्यांना आधी त्याचे उत्तर द्यावे लागले.

ते उत्तर जिनिव्हाहून आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची रचनाच त्रिपक्षीय आहे; सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी तिथे एकाच सभागृहात बसतात. भारत सरकारच्या विनंतीवरून या संघटनेचे उत्पादकता पथक १९५२ ते १९५४ या काळात भारतात आले आणि त्याने कापड व अभियांत्रिकी उद्योगांत काम केले. पथकाची रीत सांगण्यासारखी आहे. अहवाल लिहून परतायचे, अशी ती नव्हती. प्रत्यक्ष कारखान्यातला एखादा विभाग निवडायचा, तिथल्याच माणसांना बरोबर घ्यायचे, सामानाची मांडणी, दुरुस्तीची वेळ, हाताळणीच्या पद्धती तपासायच्या आणि बदल त्यांच्याच हातून करून घ्यायचे. नवी यंत्रे न आणता किती सुधारणा होते, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत असे. या प्रयत्नांतूनच केंद्रीय श्रम मंत्रालयाचे उत्पादकता केंद्र मुंबईत उभे राहिले.

जगभरच्या अशा पथकांना शिकवण्यासाठी एक पाठ्यपुस्तक हवे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ते १९५७ मध्ये काढले. 'इंट्रोडक्शन टू वर्क स्टडी' हे पुस्तक औद्योगिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या फिरले. त्यात घड्याळाचे प्रकरण बरेच नंतर येते. आधी येतो माणूस, त्याची भीती, त्याचा विश्वास. मग प्रकाश, हवा, उष्णता, स्वच्छता. जिथे कामाची जागाच धड नाही तिथे कार्य-अभ्यासाला हात घालू नये, ही त्याची शिकवण.

या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत एक तक्ता आहे. कामाचा प्रमाण वेळ ठरवताना विश्रांती आणि शरीरधर्मासाठी किती सूट द्यायची, ते तो सांगतो. वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के आणि स्त्रियांना ७ टक्के; मूळ थकव्यासाठी दोघांना ४ टक्के; शिवाय उभे राहणे, वाकणे, वजन उचलणे, उष्मा यांची वेगळी भर. स्त्रीच्या शरीराच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांचा वेळ कामाच्या वेळेतच धरला पाहिजे, ही गोष्ट या विद्येने कोरड्या आकड्यात नोंदवून ठेवली आहे. हा सात टक्क्यांचा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

विहार तलावाच्या काठी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने अमेरिकेतले कारखाने पाहण्यासाठी गट पाठवले. अँग्लो-अमेरिकन उत्पादकता परिषदेच्या वतीने १९४८ ते १९५२ दरम्यान असे ६६ गट जाऊन आले. त्यांत व्यवस्थापकांबरोबर यंत्रावर काम करणारे कामगारही होते. जपानने १९५५ मध्ये उत्पादकता केंद्र स्थापन केले आणि तीच वाट धरली. त्याच वर्षी जपानी चळवळीने तीन तत्त्वे जाहीर केली. उत्पादकता वाढीतून शेवटी रोजगार वाढला पाहिजे आणि कोणी अतिरिक्त ठरलाच तर त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही. मालक आणि कामगार यांनी मिळून विचारविनिमय करायचा. आणि फळ मालक, कामगार व ग्राहक यांच्यात न्याय्य वाटले जायचे. मुंबईच्या विणकराला १९२८ मध्ये जे कोणी सांगितले नव्हते, ते इथे चळवळीच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते.

१९५६ मध्ये भारताचे एक शिष्टमंडळ जपानला गेले. त्याचे नेतृत्व डॉ. विक्रम साराभाई यांच्याकडे होते. अवकाश संशोधनाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी अहमदाबादच्या कापड उद्योगासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता, त्यामुळे गिरणीचे प्रश्न त्यांना जवळून माहीत होते. या शिष्टमंडळाच्या शिफारशींतून १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिघांनाही तिच्यात स्थान मिळाले. १२ फेब्रुवारी हा तिचा स्थापनादिन देशभर उत्पादकता दिन म्हणून पाळला जातो.

परिषद झाली, पण शिकवणार कोण? देशात कारखाने झपाट्याने उभे राहत होते आणि कार्य-अभ्यास जाणणारी माणसे मूठभर होती. परदेशी तज्ज्ञ वर्ष-दोन वर्षे राहतो आणि जातो. म्हणून तज्ज्ञांना शिकवणारेच इथे घडवायचे ठरले. १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास निधीतून आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत पवईजवळ, विहार तलावाच्या काठी, राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मुंबईकरांच्या तोंडी तिचे नाव 'निटी'. शेजारीच पाच वर्षांपूर्वी युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने आयआयटी मुंबई सुरू झाली होती. एकाच परिसरात रशियन यंत्रसामग्री, जिनिव्हाचे तज्ज्ञ आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले अभियंते नांदत होते.

निटीचे वैशिष्ट्य असे की ती नोकरीत असलेल्यांची शाळा म्हणून वाढली. कारखान्यातला अभियंता यायचा, काही आठवडे शिकायचा, परत जाऊन आपल्याच विभागात ते लावून पाहायचा. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमही आले. २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि निटीचे आयआयएम मुंबई झाले. नाव बदलले, तरी आंतरराष्ट्रीय सहकार्यातून उत्पादकता तज्ज्ञ घडवणारी महाराष्ट्रातली सर्वांत मोठी शाळा म्हणून तिचे स्थान अढळ आहे.

निटीच्या सुरुवातीच्या संचालकांत प्रा. एन. एस. रामस्वामी होते. ते पुढे आयआयएम बंगळूरचे पहिले संचालक झाले. व्यवस्थापनशास्त्राच्या या प्राध्यापकाने आयुष्याचा मोठा भाग बैलगाडीला दिला. लाकडी चाक आणि लोखंडी धाव यांमुळे बैलाला किती जास्त जोर लावावा लागतो, जुवाने मानेला जखमा का होतात, बेअरिंग आणि रबरी टायर बसवले तर काय फरक पडतो, हे प्रश्न त्यांनी देशापुढे मांडले. अनेकांना ते विचित्र वाटले. पण जो गिलब्रेथच्या पाडाचा विचार करतो तो जुवाचा विचार करणारच. आज बीडहून टायरगाडी घेऊन जाणाऱ्या तोडणी कामगाराला रामस्वामींचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या बैलांच्या मानेचा अभ्यास करायला हवा असे म्हणणारा माणूस पवईच्या टेकडीवर होता.

टोकियोचे आठ देश

भारत, जपान, पाकिस्तान, नेपाळ, थायलंड, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि तैवान या आठ जणांनी मिळून ११ मे १९६१ रोजी आशियाई उत्पादकता संघटना स्थापन केली. मुख्यालय टोकियोत ठेवले. तेव्हाचे या देशांचे आपसांतले राजकीय संबंध पाहिले की ही यादी वाचताना आश्चर्य वाटते. कारखान्यातला कचरा कमी करणे, यंत्राची देखभाल, लहान उद्योगाचे हिशेब या विषयांवर भारत आणि पाकिस्तानचे अभियंते एकाच वर्गात बसले. आज तिचे २१ सदस्य आहेत.

संघटनेची पद्धत परस्परांकडून शिकण्याची आहे. एक देश यजमान होतो, बाकीचे प्रशिक्षणार्थी पाठवतात, वर्गातला धडा संपला की गट जवळच्या कारखान्यात जातो आणि तिथल्या खऱ्या अडचणीवर काम करतो. भारतातून नावे पाठवण्याचे काम राष्ट्रीय उत्पादकता परिषद करते. उत्पादकता तज्ज्ञांसाठी पायाभूत आणि प्रगत असे अभ्यासक्रम आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत संघटनेने तज्ज्ञांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्थाही सुरू केली आहे. एका देशात मिळवलेली पात्रता दुसऱ्या देशात ओळखली जावी, हा त्यामागचा हेतू.

जपानबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांपुढे गुणवत्तेवर व्याख्याने दिली आणि जपानने त्यांच्या नावे पारितोषिक सुरू केले, हे प्रसिद्ध आहे. पण त्याआधी, १९४६-४७ च्या हिवाळ्यात, डेमिंग भारतात येऊन गेले होते. त्यांचे गुरू वॉल्टर शूहार्ट हेही संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात राहिले. बीज आपल्याकडे आधी पडले होते. मशागत तिकडे झाली.

ती मशागत परत आपल्याकडे आली तीही सहकार्यातूनच. जपानी संस्थांनी भारतीय अभियंत्यांना प्रशिक्षणासाठी बोलावले, जपानी प्राध्यापक इथल्या कारखान्यांत वर्षानुवर्षे येत राहिले. महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. जगातल्या कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीला ते त्याआधी मिळाले नव्हते. या विभागाचे कारखाने कांदिवली आणि नागपूर इथे होते. नागपूरच्या कारखान्यात काम करणारा विदर्भातला तरुण काइझेन, म्हणजे सततची सुधारणा, हा जपानी शब्द ठिबक किंवा सोयाबीन या शब्दांइतक्या सहजपणे वापरू लागला. २००७ मध्ये प्रा. शोजी शिबा यांच्या मार्गदर्शनाखाली आणि जपान सरकारच्या साहाय्याने भारतीय कारखानदारीतील नेतृत्व घडवणारा एक मोठा अभ्यासक्रम सुरू झाला. भारताने २०१२ मध्ये शिबा यांना पद्मश्री दिली.

मराठवाड्याचा वाटा जर्मनीच्या दिशेने आला. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. भारत-जर्मन तांत्रिक सहकार्यातून उभी राहिलेली ही संस्था साचे आणि हत्यारे घडवते आणि त्याच कामातून मुलांना शिकवते. शिकणारा मुलगा पहिल्या दिवसापासून खऱ्या मापाच्या खऱ्या भागाशी झुंजतो. जिथे बजाजचा वाळूज कारखाना १९८५ पासून वाहने बनवतो आणि त्याभोवती शेकडो लघुउद्योग वाढले, त्या शहरात अशा मुलाला काम मिळते. बीड-चौसाळ्याच्या घरातून एखादा मुलगा इथवर पोहोचतो, तेव्हा त्या घरातला एक कोयता कमी होतो.

सात टक्के

पण बाकीचे कोयते?

जपानी गुरू तीन शब्द शिकवतात: मुदा, मुरा आणि मुरी. मुदा म्हणजे वाया जाणे, मुरा म्हणजे असमानता, मुरी म्हणजे सोसवेल त्यापेक्षा जास्त ओझे. तिन्ही एकत्र पाहायचे असतात. उसाच्या तोडणीत तिन्ही खच्चून भरलेले आहेत. ट्रकच्या प्रतीक्षेतले तास मुदा आहेत. एक दिवस रिकामा आणि दुसऱ्या रात्री दोन ट्रक, ही मुरा आहे. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून चढणारी बाई, ही मुरी आहे. कारखान्यात या तिन्हींसाठी तक्ते भिंतीवर लागतात. फडात फक्त टनाचा आकडा लागतो.

त्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाण्याची सोय नाही. दुखण्यामुळे किंवा पाळीमुळे एक दिवस बसावे तर खाडा पडतो, मजुरी बुडते, वर दंड कापला जातो. आणि बाई बसली की कोयता मोडतो, कारण हिशेबात ती अर्धा कोयता आहे. जिनिव्हाच्या पुस्तकाने स्त्रीला सात टक्के वेळ दिला होता. तो वेळ तिचा हक्क म्हणून प्रमाण वेळेतच धरला होता. फडातल्या बाईला तो न मिळाल्यामुळे तिला शरीराचा एक अवयव द्यावा लागला. उत्पादकतेच्या शास्त्राचा यात दोष नाही. ते शास्त्र इथपर्यंत आणलेच गेले नाही, हा दोष आहे.

ऊसतोडणी यंत्र आले की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. यंत्रे येत आहेत. पण यंत्राने कोयता हटवला तर त्या जोडीचे काय, याचे उत्तर जपानच्या पहिल्या तत्त्वाने मागितले आहे. लहान आणि तुकड्या-तुकड्यांच्या शेतांत यंत्र सगळीकडे फिरूही शकत नाही. हाताने तोडणी आणखी काही वर्षे राहणार, हे धरूनच चालायला हवे.

शेतात हे शास्त्र उतरू शकते, याचा दाखला व्हिएतनाममध्ये आहे. मेकाँग नदीच्या खोऱ्यात कान थो इथे १९९० च्या दशकात स्थानिक डॉक्टर आणि जपानी श्रमविज्ञान संशोधक यांनी मिळून 'विंड' नावाचा कार्यक्रम घडवला. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तो अनेक देशांत नेला. त्याची रीत साधी. गावकऱ्यांनी चित्रांची एक तपासणी-यादी घेऊन आपल्याच गावात फिरायचे आणि कोणी काय चांगले केले आहे ते शोधायचे. कोणी ओझे वाहायला चाक बसवलेले असते, कोणी टोपलीला पकड लावलेली असते, कोणी पायवाट सारखी केलेली असते, कोणी कामाच्या जागी सावली आणि पाणी ठेवलेले असते. मग सर्वांनी बसून स्वस्तात आणि लगेच करता येतील असे बदल ठरवायचे. या वर्गाला नवरा आणि बायको दोघांनी यायचे असते. शिकवणारे शेवटी शेतकरीच होतात. बाहेरचा तज्ज्ञ पहिल्या काही शिक्षकांना तयार करतो आणि बाजूला होतो.

जोडीने काम करणाऱ्यांसाठी जोडीने शिकण्याचा हा वर्ग चौसाळ्याच्या परिसराला किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको. मोळीचे वजन किती असावे, फळीची रुंदी आणि चढ किती असावा, ट्रक कोणत्या वेळी फडात यावा, चिटबॉयने, म्हणजे कारखान्याच्या फडातल्या कारकुनाने, दिलेल्या तोडीच्या पाळीचा आणि आवारातल्या रांगेचा मेळ कसा घालावा, मुक्कामाच्या कोपीजवळ पाणी आणि संडास कुठे असावा, आणि बाईचा वेळ स्वतंत्रपणे कसा धरावा: हे सगळे अभ्यासाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधायला लागणारी विद्या महाराष्ट्रात साठ-सत्तर वर्षांपासून आहे.

पवईची आयआयएम मुंबई या राज्यात आहे. राष्ट्रीय उत्पादकता परिषदेचे कार्यालय मुंबईत आहे. कामाच्या शरीरावरील परिणामांचा अभ्यास करणारी केंद्रीय श्रम संस्था शीवला आहे. साखर कारखान्यांना तंत्रज्ञान शिकवणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्याजवळ मांजरीला आहे. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही काढले आहे. या पाच जणांनी एकत्र बसावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडून आणि टोकियोकडून जशी पूर्वी कारखान्यांसाठी मदत मागितली, तशी आता फडासाठी मागावी. चौसाळ्यासारख्या गावातल्या वीस-पंचवीस जोड्या, मुकादमांसह, पहिली तुकडी म्हणून निवडाव्यात आणि त्यांना हंगामाआधी, दसऱ्याच्या अलीकडे, गावातच शिकवावे. मग घड्याळ घेऊन फडात उभे राहायला बाहेरचा माणूस लागणार नाही. कोयता हाती धरलेली बाईच ते वाचील, आणि त्यावर लिहिलेले सात टक्के ती स्वतः मागून घेईल.